त्रेचाळीस उत्तरं

१ ऑक्टोबर १८६१, मंगळवार. लियों.

आज घरात एकोणीस माणसं आली आणि खुर्च्या चौदा. दोघांना खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं, दोघी माझ्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि एक विणकर शेवटपर्यंत भिंतीशी उभा राहिला. सगळे गेल्यावर मी त्याच भिंतीला टेकून खाली बसले, ते मग उठवेना.

दोन वर्षांपूर्वी शाळा बंद पडली तेव्हा वाटलं होतं, आता पायांना विश्रांती. बावीस वर्षं आन्सेल्मच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवली, चाळीस पोरांचं जेवणखाण आणि ताप-खोकले पाहिले. शाळा गेली, पोरं गेली. आता त्यांच्या जागी मेलेली माणसं येतात आणि त्यांच्यामागून जिवंत. मेलेल्यांचा त्रास नाही. त्यांना सूप लागत नाही.

ही वही शाळेचीच उरलेली. कुणाशी बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. आन्सेल्मशी बोलावं तर ते त्यालाही प्रश्न समजून क्रमांक घालतील.

४ ऑक्टोबर

वहीची सुरुवात नीट झाली नाही. शिक्षिकेला शोभत नाही. तर आता रीतसर.

मी फिलिबेर्त. माझे पती आन्सेल्म व्हेर्शेर. वय सत्तावन्न. अंकगणिताचं एक पुस्तक आणि व्याकरणाची दोन त्यांच्या नावावर आहेत. या शहरातली निम्मी मुलं त्या गणितांवर रडली. ‘टेबलं आपोआप उडतात’ अशी आवई उठली तेव्हा ते हसायला म्हणून एका घरी गेले आणि येताना वही भरून आणली. त्यांचं म्हणणं साधं आहे. मेलेला माणूस जर बोलत असेल तर त्याला नीट प्रश्न विचारावेत, क्रमाने विचारावेत, आणि न जुळणारं उत्तर खोडावं. आता त्याचं पुस्तक होतंय, ‘परलोकाविषयी पाचशे प्रश्न’. दर मंगळवारी दुपारी तीनला आमच्याकडे बैठक असते. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून रेशमाला गिऱ्हाईक नाही, माग बंद पडलेत, त्यामुळे दुपारी तीनलासुद्धा विणकर मोकळे.

उत्तरं लिहिते ती बेन्वात गोनों, बावीस वर्षांची. एरवी विणकरांकडे कांड्या भरते. टेबलाशी बसते, पेन्सिल धरते, डोळे मिटते. हात तिचा, मजकूर मेलेल्यांचा. आन्सेल्म तिला ‘माझी सर्वांत प्रामाणिक विद्यार्थिनी’ म्हणतात, कारण तिचं व्याकरण मेलेल्यांच्या व्याकरणाहून वाईट आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या खेपेला भिंतीशी उभा होता तो विणकर आज लवकर आला आणि बेन्वातच्या शेजारची खुर्ची धरून बसला. क्लोदियुस जाकमे नाव. टेकडीवर राहतो. त्याची बायको त्वानेत एप्रिलमध्ये साओन नदीवरच्या, कपडे धुण्याच्या नावेतून घसरून बुडाली. एक मुलगी आहे, आठ वर्षांची.

आज त्याच्यासाठी उत्तर आलं. ‘माझ्या जिवलगा, मला थंडी वाजत नाही. पाणी क्षणभराचं होतं. तू मुलीला सांभाळ, मी तुझ्या हातांत आहे.’ एवढा दांडगा माणूस, टेबलावर डोकं ठेवून रडला. आन्सेल्मनी क्रमांक घातला, २१२.

सगळे गेले तरी हा स्वयंपाकघराच्या दारातून हलेना. मग बसवलं. मसुराच्या सुपाचे तीन वाडगे प्यायला. मुलीचे बूट कुठल्या मापाचे, केस कोण विंचरतं, असं काहीबाही मी विचारत राहिले आणि भांडी घासत राहिले. जाताना म्हणाला, “बाई, येत्या मंगळवारी येऊ ना?” जणू बैठक मीच भरवते!

१९ ऑक्टोबर

आन्सेल्म आळशी झालेत. ज्या जिन्यावरून बावीस वर्षं पोरांच्या मागे धावले, त्याच्या तिसऱ्या वळणावर आता थांबतात आणि “नदी बघ काय दिसते आज,” म्हणतात. नदी रोज तशीच दिसते. छापखान्यात मला पाठवतात. बाजाराची टोपली धरत नाहीत, डावा हात अवघडतो म्हणे. लिहितात उजव्याने, मग डावा कशाने अवघडेल? वाइनही सोडली. विचारलं तर म्हणाले, संयमाने विचार स्वच्छ होतो. चार मजले मी चढते आणि विचार त्यांचे स्वच्छ होतात!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज आन्सेल्मनी सगळ्यांना समजावून सांगितलं की आत्मा एकदाच येत नाही, पुन:पुन्हा जन्म घेतो आणि दर खेपेला थोडा शहाणा होतो.

खालच्या मजल्यावरच्या क्रोझेबाई (आमच्या चौदांतल्या सहा खुर्च्या त्यांच्या) हात वर करून म्हणाल्या, “मास्तर, पुढच्या जन्मी नवरा तोच असतो का?”

“असं काही बंधन नाही.”

“मग माझा विश्वास बसला!”

सगळे हसले. मीही हसले, पण मनात वाटलं, पुन्हा जन्म, पुन्हा जिने. मला एकदाच पुरे.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. अख्खं गाव फुलं घेऊन कबरस्तानाच्या चढावर. आन्सेल्म आले नाहीत, प्रस्तावना लिहायची होती. मी आईच्या कबरीवर गेले. वाटेत पाच जणांनी अडवलं. एकीने मुलाचा दात दाखवला, एकीने सुनेच्या तक्रारी ऐकवल्या. पोचेपर्यंत फुलं कोमेजली.

टेबलाशी बसून मी आजवर कुणालाच बोलावलं नाही. आईला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. तिने जे सांगायचं ते जिवंतपणी रोज सांगितलं. आन्सेल्मनीही मला कधी बस म्हटलं नाही. प्रश्नोत्तरं मी शुद्ध अक्षरात उतरवते, एवढंच माझं काम.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हे आजच लिहून ठेवते.

दुपारी बेन्वात आली. आन्सेल्म वाचनालयात होते. दारातच म्हणाली, “बाई, मी आता येणार नाही.”

“का? आईने अडवलं?”

“नाही.”

“पाद्रीबाबांनी?”

“नाही हो.” ती चुलीपाशी येऊन उभी राहिली. “हात हलत नाही.”

मला वाटलं, लागलंय. मी तिचा हात धरून पाहिला.

“तसा नाही. पूर्वी आपोआप हलायचा. देवाशपथ हलायचा, काय लिहिलंय ते मला नंतर कळायचं. सप्टेंबरपासून गप्प आहे. लाकडासारखा. मास्तर प्रश्न वाचून थांबतात, सगळे माझ्या पेन्सिलीकडे बघत बसतात. मग... मग मी लिहिते.”

“काय लिहितेस?”

“चांगलं चांगलं.”

“जाकमेचं?”

तिने मान हलवली. “तो माझ्या शेजारी बसला ना, तेव्हा त्याच्या कोटाचे दोन्ही खिसे खाली लोंबत होते. बसताना वाजले. दगड होते, बाई. इथून तो सरळ नदीवर जाणार होता.”

तिला एक थोबाडीत द्यावी की जवळ घ्यावं, हे ठरेपर्यंत दूध उतू गेलं. मी चूल पुसली. ती रडत म्हणाली, मास्तरांना सांगू नका. मी म्हटलं, मंगळवारी ये. काय म्हणून ये म्हटलं, मला माहीत नाही. तिला रिकाम्या पोटी जाऊ दिलं नाही, एवढं आठवतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बैठक. बेन्वातने चार उत्तरं लिहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी ती शुद्ध अक्षरात उतरवली.

२६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आज सांगते, उद्या सांगते. आन्सेल्म अलीकडे इतके खूश असतात! सकाळी दाढी करताना गातात. पुस्तक जानेवारीत छापायला जायलाच हवं म्हणतात. का, विचारलं, परलोक कुठे पळून चाललाय? तर हसले.

८ डिसेंबर

आज दिव्यांचा सण. सगळ्या शहराने खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. लोक लेकरांना खांद्यावर घेऊन रस्ते बघत फिरले. आन्सेल्मना म्हटलं, चला, दरवर्षीसारखं पुलापर्यंत जाऊन येऊ. म्हणाले, “खिडकीतूनच छान दिसतंय की.”

“म्हातारे झालात.”

“हो,” म्हणाले, आणि माझा हात धरून तासभर खिडकीत बसून राहिले. मला उठून मेणबत्त्यांच्या वाती कापायच्या होत्या, पण त्यांनी हात सोडला नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

सणामुळे बैठक नाही, तरी जाकमे आला. मुलीला घेऊन. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. दारू सुटली म्हणे. एका व्यापाऱ्याने चर्चच्या कापडाचं काम दिलंय, म्हणजे माग पुन्हा चालू. त्वानेतचे आठही कागद त्याने मागाच्या लाकडाला टाचून ठेवलेत; धोटा फेकता फेकता वाचतो. मुलीने ते पाठ केलेत. माझ्यापुढे उभं राहून तिने २१२ क्रमांक धडाधड म्हणून दाखवला. बूट नवे होते.

तिच्या हातावर भाजलेले चेस्टनट ठेवले आणि मनात म्हटलं, हे कुणालाही कधीही सांगायचं नाही.

९ जानेवारी १८६२

सांगितलं.

छापखान्यातून प्रुफं आली. दिवा लावायची वेळ होती, मी वाटाणे निवडत होते. आन्सेल्म म्हणाले, “ऐक, सगळ्या पुस्तकात मला हे उत्तर सर्वांत जास्त आवडतं,” आणि वाचू लागले. ‘माझ्या जिवलगा, मला थंडी वाजत नाही...’ वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. आजवर ह्या माणसाचा आवाज वाचताना बारीक झालेला मी ऐकला नव्हता. जणू ते त्यांच्यासाठीच लिहिलेलं होतं.

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “ते त्वानेतचं नाही.”

“मग कुणाचं?”

“बेन्वातचं.”

त्यांनी चष्मा काढला. ओरडतील वाटलं. गणिताच्या मास्तरांनी आधी विचारलं, “किती?”

“मला माहीत नाही.”

“कधीपासून?”

“सप्टेंबर.”

“तुला कधी कळलं?”

“नोव्हेंबरात.”

“नोव्हेंबर,” एवढंच पुन्हा म्हणाले. प्रुफं गोळा केली, कडा जुळवल्या आणि आत गेले. वाटाणे तसेच राहिले.

११ जानेवारी

दोन दिवस बोलले नाहीत. आज बेन्वातला बोलावणं पाठवलं. ती आली ती भिंतीला धरूनच. आन्सेल्मनी तिला खुर्ची दिली, लाल पेन्सिल दिली, पुढ्यात सगळी पानं ठेवली.

“रागावलो नाही,” म्हणाले. “जे तुझं आहे, त्यावर फुली मार.”

“मास्तर, काही काही मला नक्की सांगता येणार नाही.”

“शंका असेल तर फुली.”

अडीच तास लागले. मी मधे दोनदा कॉफी नेली. एकमेकांशेजारी बसून दोघं अशी पानं उलटत होती, जणू शाळेतल्या वार्षिक परीक्षेचे पेपर. त्रेचाळीस फुल्या झाल्या. आन्सेल्मनी प्रत्येकीवरून स्वतः रेघ ओढली आणि पुढचे क्रमांक बदलले.

जाताना बेन्वातने विचारलं, “आणि उरलेली, मास्तर? त्यांच्यावर तुमचा विश्वास आहे?”

“पूर्ण,” म्हणाले. “आजपासून जास्त.”

हे मला कळलं नाही. माझा होता नव्हता तोही गेला.

१३ जानेवारी

भांडण. शाळा बंद करताना झालं नव्हतं एवढं.

“जाकमेला सांगायला हवं,” म्हणाले.

“कशाला? तो माणूस त्या कागदांवर जगतोय. तुमचा खरेपणा त्याच्या काय कामाचा?”

“चुकीचं गणित फळ्यावर ठेवून मी कधी वर्ग सोडला नाही.”

“तो वर्ग नाही. माणूस आहे.”

“म्हणून तर.”

“आणि तो नदीवर गेला तर? तुम्ही त्यालाही क्रमांक घालाल?”

हे बोलायला नको होतं. ते पांढरेफटक पडले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मला वाटलं, रागाने. मी दार आपटून क्रोझेबाईंकडे जाऊन बसले.

१५ जानेवारी

मी बाजारात असताना आन्सेल्म एकटे टेकडीवर जाऊन आले. बर्फातून. परत आले तेव्हा मी वाट बघून जिना उतरत होते, तर हे दुसऱ्या वळणावर पायरीवर बसलेले, टोपी मांडीवर.

“जाकमेने ऐकून घेतलं,” म्हणाले. “कागद काढले, आठही, आणि शेगडीत टाकले. मला म्हणाला, ‘तुम्हाला कुणी विचारलं होतं?’ मुलगी कोपऱ्यात उभी होती. मग त्याने विचारलं, ‘बाईंना हे माहीत होतं?’ मी हो म्हटलं. तोवर तो शांत होता, फिलिबेर्त. ते ऐकल्यावर ओरडला.”

“म्हणजे सगळं माझ्यावर.”

“तसं नाही. मला दाराबाहेर काढलं आणि बाहेर बर्फ बघून माझ्या काखेत हात घालून रस्त्याच्या टोकापर्यंत आणून सोडलं.” मग म्हणाले, “ते लोक माझ्याकडे येत नाहीत, माहीत आहे? मला फार उशिरा कळलं.”

मेलेल्यांकडे येतात, हे तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी म्हटलं, उठा आता, थंडी लागेल. दोन मजले चढायला आम्हाला अर्धा तास लागला.

१७ जानेवारी

आन्सेल्म अंथरुणात. गारठ्याने. डॉक्टर मोरेल येऊन गेले, बाहेर माझ्याशी बोलायला थांबले होते, पण आन्सेल्मनी त्यांना आत हाक मारली.

२० जानेवारी

आज बरे होते. उशीला टेकून प्रस्तावना संपवली. म्हणाले, “उद्या मंगळवार, लोक येतील. दार उघड.”

“बैठक कोण घेणार? बेन्वात येत नाही.”

“बैठकीचं नंतर बघू. तू दार उघड.”

अशा अवस्थेतही ह्यांना मंगळवारची काळजी!

२३ जानेवारी

काल दुपारी साडेतीनला आन्सेल्म गेले. मी पाणी आणायला उठले होते.

२४ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं? जूनमध्येच मी त्यांना सांगितलं होतं, हृदय फार तर वर्षभर चालेल. जिने चढू नका, वाइन नको, ओझं नको.”

घरी येऊन ही वही उघडली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. जिन्याचं वळण, डावा हात, वाइन, खुर्चीची पाठ. मी लिहिलं. वाचलं नाही.

२५ जानेवारी

दफन झालं. पाद्रीबाबांनी अंत्यविधी केला, पण अशा घाईने की जणू मागून पाऊस येत होता. पेटी उचलायला चौघे कमी पडत होते, चढ निसरडा होता. गर्दीतून जाकमे पुढे आला आणि खांदा दिला. माझ्याकडे बघितलं नाही. संपल्यावर टोपी घालून निघून गेला.

बेन्वात लांब फाटकापाशी उभी होती. मी हात केला तरी आली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दार उघडलं नाही. तीन वाजता जिन्यावर पावलं ऐकू आली. थोडा वेळ थांबली. मग उतरली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कडी वाजली ती थांबेचना. क्रोझेबाई असतील म्हणून उघडलं, तर जाकमे. हातात तागाच्या पिशवीत कांदे.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“माझी पोर तुमच्यापुढे उभी राहून ते म्हणत होती. तेव्हाही?”

“हो.”

तो कट्ट्यावर बसला. मी कांदे टोपलीत ओतले. मग तो म्हणाला, “तीन दिवस मी मागाला हात लावला नाही. मास्तर आत्ता समोर आले तर मान मुरगाळीन, असं वाटत होतं. चौथ्या दिवशी कामाला बसलो. तर त्वानेत आली.”

मी टोपली खाली ठेवली. “कशी आली?”

“कशी म्हणजे, मनात. कागदावर कसली! म्हणाली, ‘मुडद्या, मागाखाली किती जाळी झाली बघ. मी मेले म्हणून केरसुणीपण मेली का?’” तो हसला, डोळे पुसले. “बाई, माझी बायको अशी बोलायची. एप्रिलपासून तिचा आवाज मला आठवत नव्हता. मग ती कागदावरची गोडबोली आली, आणि मला वाटलं, हीच. मी तर खऱ्या बायकोला पार पुसून टाकायला निघालो होतो.”

“मग झाडलंत?”

“झाडलं तर! नाहीतर गप्प बसेल का ती?”

जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, “जाकमे, मी चुकले.”

तो म्हणाला, “हो, चुकलात.” मग दारात वळून, “पुढच्या मंगळवारी कांदे आणू की बटाटे?”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सात जण आले. बैठक नाही म्हटलं, तरी बसले. छापखान्यातून निरोप आला की पुस्तक छपाईला तयार आहे, पहिल्या पानावर चार ओळींची जागा उरलीय, काही घालायचं का. कळवते म्हटलं.

काय घालायचं?

२० फेब्रुवारी

झोप नाही. अंग ठणकतं. घरात एकच माणूस कमी झालं आणि काम मात्र संपल्यासारखं झालंय. दिवसच्या दिवस खुर्चीत जातात. ज्या आरामाची वाट पाहिली तो हाच का?

बेन्वातकडे गेले. ती माळ्यावर कांड्या भरत होती. मला बघताच उभी राहिली. मी म्हटलं, येत्या नाहीतर त्याच्या पुढच्या मंगळवारी ये. मला विचारायचंय.

“बाई, मी सांगितलंय ना तुम्हाला...”

“म्हणूनच तुझ्याकडे आले.”

४ मार्च, मंगळवार

आज कार्निव्हलचा शेवटचा दिवस. रस्त्यावर मुखवटे, पिपाण्या. क्रोझेबाईंनी साखर भुरभुरलेल्या तळलेल्या पट्ट्यांचं ताट भरून आणलं. तेवीस माणसं. खुर्च्या मोजल्या नाहीत.

बेन्वात टेबलाशी बसली. समोर आन्सेल्मची जागा. तिथे मी बसले, आयुष्यात पहिल्यांदा. तिने पेन्सिल धरली, डोळे मिटले. प्रश्न वाचायचा असतो. मी लिहून आणला नव्हता. नुसतं विचारलं, “आन्सेल्म, मला का सांगितलं नाहीत?”

तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

आम्ही थांबलो. खाली पिपाण्या वाजत होत्या. जाकमे माझ्या मागे उभा होता, त्याच्या मुलीने माझ्या शालीचं टोक धरलं होतं. बेन्वातच्या कपाळावर घाम आला. पेन्सिल कागदावर टेकलेली. एकदा तिची बोटं आवळली, आणि मला वाटलं, आलं. मग तिने ती सैल केली.

चर्चचं घड्याळ एकदा वाजलं, दुसऱ्यांदा वाजलं. अर्धा तास झाला असेल.

बेन्वातने डोळे उघडले. कागद कोरा होता. पेन्सिलीच्या टोकाचा ठिपका, बस.

“काही आलं नाही, बाई,” ती म्हणाली. मग तिचा बांध फुटला. “मला लिहिता आलं असतं. मास्तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. शब्दन् शब्द माहीत आहे. मी लिहिलं नाही.”

“दिसतंय,” मी म्हटलं.

मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. किती वेळ ते माहीत नाही. रडले मीच जास्त. २२ जानेवारीपासून रडले नव्हते.

मग सगळ्यांना म्हटलं, आज काही आलं नाही, पुढेही येईल असं मी सांगू शकत नाही. चार मजले चढून आलात, माफ करा. कुणीच उठलं नाही. ताट फिरलं. एका बाईने मुलाचं सांगायला सुरुवात केली, मग एका म्हाताऱ्याने भावाचं. मी सूप चढवलं. अंधार पडेपर्यंत बसले होते. का, कोण जाणे. बाहेर कार्निव्हलचा गोंगाट होता, कदाचित त्यामुळे.

५ मार्च

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच छापखान्यात गेले. पहिल्या पानावर घालायच्या ओळी लिहून दिल्या. छापणाऱ्याने वाचल्या, भुवया उंचावल्या. “बाई, नक्की? अशानं पुस्तक कोण घेईल?”

मी म्हटलं, “छापा.”

ओळी अशा :

‘या पुस्तकातून त्रेचाळीस उत्तरं काढून टाकली आहेत, कारण ती खोटी होती. उरलेली खरी आहेत अशी लेखकाची खात्री होती. त्याच्या बायकोची नाही. पण मंगळवारी दुपारी तीनला ती घरी असते.’